सागरगोट्यांची जाळी

"खरे सागरगोटे मी आणते," कुमुद टिपणीस भर बैठकीत बोलून गेली, आणि बोलल्यानंतर तिच्या लक्षात आलं, की दिल्लीत सागरगोटे कुठे मिळतात याची आपल्याला काडीचीही कल्पना नाही.

एकोणीसशे बहात्तर साल सरत आलं होतं. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांमधल्या मराठी बायका संक्रांतीचा मेळावा ठरवायला अलकनंदाताई देवस्थळींकडे जमल्या होत्या. अलकनंदाताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान उपसचिव, त्यामुळे क्वार्टर मोठं, दिवाणखाना मोठा आणि बैठकीत आवाजही त्यांचाच मोठा. कुमुदचे यजमान श्रीरंग दुसऱ्या एका मंत्रालयाच्या हिंदी अनुभागात इंग्रजी पत्रांचं हिंदी करत. म्हणजे कुमुदने तसं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं तिला पेणला लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं आणि पन्नाशी उलटल्यावर ते शिकायचा तिचा बेत नव्हता.

"यंदा सागरगोट्यांची स्पर्धा ठेवू," अलकनंदाताई म्हणाल्या होत्या. "आपल्या मुलींना काही म्हणजे काही माहीत नाही. माझी धाकटी परवा विचारते, आई, सागरगोटे हे गाव कुठे आलं?"

सगळ्या हसल्या.

"पण सागरगोटे नाहीत ना इथे. बाहेर रस्त्याचं काम चाललंय, तिथली खडी चालेल. धुऊन घेऊ."

"खडीने खेळायचं?" कुमुद म्हणाली. "मग स्पर्धेचं नावही खडीस्पर्धा ठेवा. पीडब्ल्यूडीवाले येतील बक्षीस द्यायला."

"अच्छा? मग तुम्ही आणा खरे. मला काय, मी दोन्हींनी जिंकेन. साताऱ्यात शाळेत असताना मला कुणी हरवलं नव्हतं."

आणि मग कुमुदच्या तोंडून ते वाक्य गेलं.

रविवारी तिने श्रीरंगना खारी बावलीला नेलं. जगातली सगळी मुळं, साली आणि बिया त्या एका रस्त्यावर मिळतात असं तिने ऐकलं होतं. पहिल्याच पंसाऱ्याच्या, म्हणजे काष्ठौषधी आणि मसाले विकणाऱ्याच्या, दुकानात हळदीच्या पोत्यांना वळसा घालून दोघं गल्ल्यापाशी पोचले आणि श्रीरंगनी घसा साफ केला.

"महोदय, सागर-गुटिका उपलब्ध है?"

"गुटिका?" पंसारी अदबीने म्हणाला. "पेट की चाहिए या जोड़ों की?"

"तुम्ही थांबा हो," कुमुद म्हणाली. "भैया, गोटा. गोटा चाहिए. सागर का गोटा."

"गोटा तो बहनजी, किनारी बाज़ार में मिलेगा. सुनहरा, रुपहला, जैसा चाहो."

मग कुमुदने पर्स गल्ल्यावर ठेवली, हवेत काहीतरी उडवल्यासारखं केलं, खालून काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि वरचं झेलल्यासारखं केलं. मागचं गिऱ्हाईक बघत राहिलं. पंसाऱ्याने विचार करून आधी जायफळ दाखवलं, मग रिठे, मग सुपारी आणि शेवटी शेजारच्या दुकानातून काचेच्या गोट्या मागवल्या. त्याने मनापासून प्रयत्न केला. संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा पिशवीत रिठे होते आणि वीतभर सोनेरी गोटा, म्हणजे जरीची किनार होती, कारण एवढं हिंडून रिकाम्या हाताने यायचं कुमुदच्या जिवावर आलं होतं.

"मी त्यांना पर्यायी शब्द दिला असता," श्रीरंग मफलर सोडत म्हणाले.

"तुमच्या पर्यायी शब्दाने आपण जुलाबाच्या गोळ्या घेऊन आलो असतो."

मदत आली ती शेजारच्या दारातून. सरला साळवे मूळची अहमदनगरची, सरकारी डिस्पेन्सरीत नर्स. नाताळची करंजी द्यायला आली आणि टेबलावरचे रिठे बघून हसत सुटली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "अगं, मी परवाच एक सागरगोटा पाहिला. पलीकडच्या मुनिरका गावची एक बाई बाळाला डोस द्यायला आली होती. बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात राखी रंगाचा मणी. मी हात लावून पाहिला. सागरगोटाच! दृष्ट लागू नये म्हणून बांधतात म्हणाली. कुठून आणला विचारलं तर म्हणे, तळ्यापलीकडच्या शेताच्या कुंपणाला लागतात."

कुमुदने तिला तिथल्या तिथे मिठी मारली.

गोष्ट अलकनंदाताईंच्या कानावर गेली नसती तरच नवल. "मी स्वतः येणार," त्यांनी निरोप पाठवला. "नाहीतर पुण्याहून पार्सल मागवायचं आणि दिल्लीचे म्हणून दाखवायचे, असं नको व्हायला."

त्या आल्या त्या सिल्कच्या साडीत, वर मोरपंखी कार्डिगन घालून. ते कार्डिगन त्यांनी स्वतः विणलं होतं आणि त्या हिवाळ्यात पाहिलं नाही अशी मराठी बाई रामकृष्णपुरमात उरली नव्हती.

"ताई, आपण कुंपणात शिरायला चाललोय," कुमुद म्हणाली.

"शिरणार तुम्ही. मी बघायला चालले आहे."

आउटर रिंग रोड ओलांडून तिघी मुनिरक्याच्या वाटेला लागल्या. सरकारने अजून न घेतलेली काही शेतं तिकडे शिल्लक होती. तळं मागे पडलं, मोहरीचा पिवळा पट्टा दिसला, आणि त्याच्या कडेने माणसापेक्षा उंच वाढलेली, एकमेकांत गुंतलेली हिरवी जाळी. जाळीत जागोजाग शेंगा लोंबत होत्या. प्रत्येक शेंग म्हणजे साळिंदराचं पिल्लूच. वाळून काहींची तोंडं उघडली होती आणि आत दोन-दोन सागरगोटे बसले होते, शिशाच्या रंगाचे, घोटून ठेवल्यासारखे.

"हेच ते," कुमुद हळूच म्हणाली. तिला एकदम लहानपणीचा परकर घातल्यासारखं वाटलं.

कडेच्या शेंगा कुणीतरी आधीच नेल्या होत्या. चांगल्या होत्या त्या आत. कुमुदने पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला आणि शिरली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं निघालं. फांद्या अंगावरून सरसर मागे जात होत्या. तिने एक शेंग चिमटीत धरून उलटी केली, दुसरी केली, तिसरी केली. पिशवीत खडखड आवाज यायला लागला. दहा बोटांना दहा ठिकाणी टोचलं, पण ते त्या आवाजापुढे काहीच नव्हतं.

मग ती परत फिरली आणि जागच्या जागी थांबली.

सागरगोट्याचा काटा बाभळीसारखा सरळ नसतो. बाभळीचा काटा टोचतो आणि विषय संपतो. हा मांजराच्या नखासारखा मागे वळलेला. आत जाणाऱ्याला काही म्हणत नाही, बाहेर निघणाऱ्याला धरतो. कुमुदचा पदर एकीकडे, निऱ्या दुसरीकडे, अंबाडा तिसरीकडे. एक सोडवला की दोन नवे.

"ताई," ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "जरा मागचा पदर सोडवता का?"

"अडकलात?" अलकनंदाताईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मी म्हटलंच होतं. थांबा, हलू नका. यात काय आहे, एक हात घालायचा आणि..."

त्यांनी हात घातला, मग खांदा घातला, मग दोन पावलं टाकली. पदर सुटला. त्यांनी विजयाने मागे वळून पाहिलं, आणि कार्डिगन वळलं नाही. त्यांनी झटका दिला. डाव्या बाहीतून लोकरीचा एक लांब मोरपंखी दोरा निघाला आणि फांदीवर झोपाळ्यासारखा हलत राहिला.

"सरला!" दोघी एकदमच ओरडल्या.

सरला बांधावर बसली होती. तिला उभं राहता येत नव्हतं, इतकं हसू येत होतं. "हलू नका, दोघीही. पेशंट हलला की जखम वाढते."

"हसतेस काय? कात्री आण!"

"कुठून आणू? आणि कापू काय, साडी का स्वेटर?"

"माझ्या साडीला कुणी हात लावायचा नाही," अलकनंदाताई म्हणाल्या आणि त्या भरात हालल्या. यावेळी काटा उजव्या तळहातात गेला. त्यांनी मारलेली किंकाळी तळ्यापर्यंत गेली असणार, कारण तिकडून एक ओरडून विचारणारा आवाज आला आणि मोहरीतून घागरा घातलेली एक उंच म्हातारी चालत येताना दिसली. हातात विळा होता.

ती जाळीपुढे उभी राहिली. आधी अंबाडा पाहिला, मग लोकर, मग पिशवी.

"कोण सो थम? म्हारी बाड़ मैं के करो सो?" कोण तुम्ही, माझ्या कुंपणात काय करता, असं ती विचारत होती.

"नमस्ते," कुमुद पानांमधून म्हणाली. "हम चोर नहीं हैं. आपका नाम क्या है, माताजी?"

"भरपाई," म्हातारी विळ्याच्या मुठीने छातीवर ठोकत म्हणाली.

"ऐकलंत?" अलकनंदाताई कुजबुजल्या. "कुंपण मोडलं म्हणून नुकसानभरपाई मागतेय. देऊन टाका बाई."

"कितनी?" कुमुदने विचारलं.

"कितनी के?" म्हातारी बुचकळ्यात पडली. "मैं तो एक ए सूँ!" मी तर एकच आहे!

बांधावरून सरला कशीबशी म्हणाली, "अहो, नाव आहे ते तिचं! आमच्या डिस्पेन्सरीतसुद्धा येतात अशा नावाच्या बायका. मुलीच मुली झाल्या की बाप म्हणतो, भर पाए, पुरे झालं, आणि तेच नाव ठेवतात."

म्हातारीला मराठी कळलं नाही, पण काय चाललंय ते कळलं. ती म्हणाली की बापाने पुरे म्हटलं तरी तिच्या पाठीवर आणखी एक झाली, तिचं नाव भतेरी, म्हणजे भरपूर. मग ती हसली. तिचं हसू विहिरीत बादली पडावी तसं खोलवर गेलं, आणि जाळीत अडकलेल्या दोघीही हसायला लागल्या. हसताना काटे आणखी लागत होते, त्यामुळे हसता हसता दोघी "आई गं, आई गं" करत होत्या.

भरपाईने साडी कापली नाही. ती विळ्याने मागच्या फांद्या छाटत आली आणि अंगाला लागलेले तुकडे बोटांनी उलट बाजूने सोडवत गेली. बराच वेळ लागला. कुमुद सगळी बाहेर आली. अलकनंदाताईही आल्या, पण कार्डिगनची डावी बाही कोपरापर्यंतच राहिली होती. बाकीची लोकर जाळीवर होती आणि एक साळुंकी तिच्याकडे फार लक्षपूर्वक बघत होती.

"घरटं चांगलं उबदार होईल," कुमुद म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, नको होतं बोलायला.

अलकनंदाताईंनी बाहीकडे पाहिलं, साळुंकीकडे पाहिलं. "दोन उलट, दोन सुलट आहे म्हणावं," त्या म्हणाल्या. "फुकट घालवू नकोस."

भरपाईने त्यांना तशाच जाऊ दिलं नाही. घरापुढच्या उन्हात खाट टाकली, तिघींना बसवलं, बाजरीच्या रोट्या आणि लोणी आणलं. वर लहान हिरव्या फळांचं आंबट-तिखट लोणचं. त्याला ती टींट म्हणत होती. हीसुद्धा काटेरीच झुडपावर येतात, तिने सांगितलं, पानं नसलेल्या, नुसत्या काट्यांच्या. कुमुदने तीनदा वाढून घेतलं. जाळी कशासाठी, असं सरलाने विचारलं तर म्हातारीने टेकडीकडे बोट केलं. तिकडून नीलगायी येतात आणि हरभरा साफ करतात. तार लावली तर माणसं तार नेतात. ही जाळी नीलगायही खात नाही आणि माणूसही नेत नाही. "आज पहली बार लुगाई पकड़ी सै," ती म्हणाली. आज पहिल्यांदाच या कुंपणाने बायका पकडल्या. ताप आला की बी भाजून तिची पूड देतो, तेही तिने सांगितलं. सरला म्हणाली, आमच्या नगरला पोटदुखीला देत, इतकी कडू की मुलं आधीच बरी झालो म्हणून सांगत.

तेवढ्यात भरपाईचं लक्ष अलकनंदाताईंच्या तळहाताकडे गेलं. तिने दारातल्या किकरीचा, म्हणजे आपल्या बाभळीचा, एक लांब पांढरा काटा तोडला आणि त्यांचा हात मांडीवर घेतला.

"अहो थांबा, तो उकळलेला नाही!" सरला ओरडली. पण काम सुरू झालं होतं. अलकनंदाताईंनी दुसऱ्या हाताने कुमुदचा दंड धरला आणि असा काही दाबला, की आपला दंड जातो की त्यांचा काटा निघतो, असं कुमुदला झालं. अर्धा काटा निघाला. उरलेल्या अर्ध्याला हात लावू द्यायला उपसचिवांच्या पत्नी तयार झाल्या नाहीत.

जायच्या आधी कुमुदने पिशवी खाटेवर ओतली. सागरगोटे उन्हात चमकले. म्हातारीने ते पाहिले, एक उडवला, खालचा एक उचलला, वरचा झेलला, आणि तिचा चेहरा बदलला.

"गिट्टे!" ती म्हणाली.

ती लहानपणी विटेच्या तुकड्यांनी खेळायची. कुंपणातल्या बियांनी खेळता येतं हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कुमुद तिच्यासमोर जमिनीवर बसली. एकेक उचलायचा फेरा झाला, दोन-दोनचा झाला, तीनच्या फेऱ्याला कुमुद चुकली. भरपाई मात्र सगळे एकदम उचलून, वर उडवून, उपड्या हातावर झेलून बसली आणि तिने कुमुदकडे बघून भुवया उडवल्या. अलकनंदाताई हात उराशी धरून खाटेवरून सूचना देत होत्या, "मनगट, कुमुद, मनगट! कोपर नको हलवूस!" तुम्हीची तू कधी झाली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तळहात नंतर सुजला. सरलाने दोन दिवस शेकवला, उरलेलं टोक काढलं आणि असं जाडजूड बँडेज बांधलं की त्या हातात चमचाही धरता येईना. संक्रांत तोंडावर आली होती. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, की ताईंना हरायचं नाही, म्हणून बँडेज जखमेपेक्षा मोठं आहे. कुमुदला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. सातारा विरुद्ध पेण हा सामना मनातल्या मनात ती रोज जिंकत होती. आता तो न खेळताच पदरात पडणार म्हटल्यावर त्यातली चवच गेली.

मेळावा पहाडगंजातल्या एका हॉलमध्ये होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळाच्या वड्या. आधी मुलींच्या फेऱ्या झाल्या. अलकनंदाताईंच्या धाकटीने सागरगोटे हे गाव नाही एवढं तर शिकून घेतलंच, वर तिसरा नंबरही काढला. पहिल्या रांगेत भरपाई आणि भतेरी, दोघी बहिणी, एकाच शालीत बसल्या होत्या. त्यांना बसने आणायचं काम श्रीरंगनी केलं होतं, आणि वाटेत दोघींना त्यांच्या हिंदीतलं एक अक्षरही कळलं नव्हतं.

मग मोठ्यांचा सामना आला. मंडळाचे कार्यवाह अण्णासाहेब माइकवर म्हणाले, की अध्यक्षांच्या हाताला इजा झाल्याने त्या कदाचित माघार...

"माघार कशाला?" कुमुद उभी राहिली. "त्यांना डाव्या हाताने खेळू द्या. मीही डाव्या हाताने खेळते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुमुदला तो फार आवडला. अलकनंदाताईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बघ हं," त्या म्हणाल्या.

"बिल्कुल," कुमुद म्हणाली.

कुमुद आधी खेळली. डाव्या हाताने उडवलेला तिचा पहिला सागरगोटा तिळगुळाच्या ताटात गेला. दुसरा अण्णासाहेबांच्या चष्म्यावर. तिसरा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. भतेरीने तो नंतर स्वतःच्या घागऱ्यातून काढून दिला. हॉल हसून हसून वेडा झाला होता, आणि कुमुदही. तिला वाटलं, चला, दोघींची सारखीच फजिती.

अलकनंदाताईंनी पदर खोचला. डावा हात जमिनीवरून फिरला, जणू कुणी रांगोळीची रेघ ओढतंय. एकेक उचलले, दोन-दोन उचलले, तीन, चार. सगळे वर उडवले आणि उपड्या हातावर झेलले, मग तिथून पुन्हा उडवून मुठीत घेतले. पहिल्या रांगेतून भरपाईचा खणखणीत निकाल आला, "या तो ठग सै!"

कुमुद तोंड उघडं टाकून बसली होती.

"मी जन्माची डावखुरी," अलकनंदाताई शांतपणे म्हणाल्या. "जेवताना, लिहिताना वडिलांनी मारून मारून उजवा वापरायला लावला. सागरगोट्यांत कुणी लक्ष घातलं नाही."

"मग मघाशी बोललात का नाही?"

"तुला एवढ्या टाळ्या पडत होत्या. मी म्हटलं, कशाला मध्ये बोला."

कुमुदला राग यायला हवा होता. तो शोधायला ती आत गेली, तर तिथे हसूच हसू. तिने उरलेला एक सागरगोटा उचलला, खाली मोझेकच्या फरशीवर तो जोरजोरात घासला, घासला, आणि अलकनंदाताई बक्षिसाची वाटी स्वीकारायला वळल्या तेव्हा त्यांच्या उघड्या दंडावर टेकवला.

"आई गं!" किंकाळी माइकमधून सगळ्या हॉलभर गेली. "चटका! मेले, चटका देतेस मला?"

"बिल्कुल."

अलकनंदाताईंनी वाटी अण्णासाहेबांच्या हातात कोंबली. "फरशीवर घासून काय होतं? आम्ही दगडावर घासायचो," त्या म्हणाल्या आणि एक सागरगोटा घेऊन दगडी पायरी शोधत थेट मागच्या दाराकडे निघाल्या. कुमुद दोन्ही हातांनी दंड झाकून उलट्या बाजूला पळाली. त्यांच्यामागे मुली, मुलींमागे आया, आयांमागे शालीतून सुटलेल्या दोघी बहिणी. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला, कागद नीट धरला आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे आभारप्रदर्शन सुरू केलं.